साप साप म्हणून

२००१ चा मे महिना. दिल्लीतल्या आणि शेजारच्या गाझियाबादमधल्या दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये उकाड्याने जीव नकोसा झालेला, त्यात रात्री वीज गायब. लोक गच्चीवर झोपायचे. अशात बातमी आली की रात्री माकडासारखं काहीतरी येतं, ओरबाडतं आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी मारून पसार होतं. आठवड्याभरात त्याच्या अंगावर काळे केस उगवले, बोटांना लोखंडी नखं आली. कुणी डोक्यावर हेल्मेट पाहिलं, कुणी लाल लुकलुकते डोळे, तर कुणी छातीवरचं बटण. ते दाबलं की म्हणे हा अदृश्य होतो! पोलिसांकडे तीनशेहून जास्त तक्रारी गेल्या. चित्रकार बसवून रेखाचित्रं काढली गेली, पन्नास हजारांचं बक्षीस लागलं.

माकड कधीच सापडलं नाही. पण मध्यरात्री ‘आला, आला’ अशी ओरड ऐकून गच्चीवरून उडी टाकलेली किंवा जिन्यात कोसळलेली माणसं खरोखर मेली. जेमतेम चार फूट उंचीच्या एका फिरत्या साधूला ‘हाच तो’ म्हणून लोकांनी बदडलं. नंतर डॉक्टरांनी जखमा तपासल्या. बऱ्याचशा उथळ होत्या. काही उंदराच्या चाव्याच्या, काही पळापळीत झालेल्या, काही तर ज्याच्या त्याच्याच नखांच्या.

हा प्रकार आठवला की हसू येतं आणि आपण सरळ म्हणून टाकतो की लोक अडाणी असतात, कुणीतरी पुडी सोडतो, हे घाबरतात. म्हणजे आधी अफवा, मग भीती. मला हा क्रमच उलटा वाटतो. भीती आधीच घरात येऊन बसलेली असते. तिला फक्त कारण मिळालेलं नसतं. अफवा ते कारण पुरवते, आणि ते कारण कुठलं असेल हे त्या समाजात आधीपासून कुठे चीर गेली आहे त्यावर ठरतं.

याचा एक जुना पुरावा आपल्याच देशातला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. त्याने अफवा वेचल्या त्या अशा भागातून, जिथे धक्का जोरात जाणवला होता पण पडझड विशेष झाली नव्हती. तिथले लोक काय म्हणत होते? याहून भयंकर भूकंप अमुक दिवशी होणार, महापूर येणार, वादळ येणार. घर शाबूत, माणसं शाबूत, तर खरं म्हणजे हायसं वाटायला हवं. हे लोक स्वतःला आणखी का घाबरवत होते?

वीसेक वर्षांनी लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला ही नोंद वाचताना हाच प्रश्न पडला, आणि त्याने त्याचं उत्तर उलट्या बाजूने शोधलं. या लोकांच्या छातीत धडधड होती, पण डोळ्यांसमोर तेवढं घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. हा विसंवाद मनाला सोसत नाही. मग ‘मोठा भूकंप येणार आहे’ हे वाक्य उपयोगी पडतं. आता धडधडीला कारण मिळालं. ज्यांची घरं खरोखर कोसळतात त्यांना अशी अफवा लागतच नाही. त्यांच्यासमोर ढिगारा असतो.

दिल्लीच्या गच्च्यांवर हेच लावून बघा. अंधार, उघड्यावर झोपलेली बायकापोरं, चोऱ्यामाऱ्या, हाक मारली तर येतील याची खात्री नसलेले पोलीस. ‘मला इथे असुरक्षित वाटतं’ ही तक्रार घेऊन कुठल्या चौकीत जाणार? माकडाची तक्रार मात्र लिहून घेतली गेली, टीव्हीवर आली, आणि पोलिसांची गस्तही वाढली.

अफवांचा अभ्यास करणाऱ्या ऑलपोर्ट आणि पोस्टमन या जोडीने १९४७ मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं. अफवेचा जोर म्हणजे त्या गोष्टीचं महत्त्व गुणिले तिच्याबद्दलची संदिग्धता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य झालं की सगळंच शून्य. स्वतःच्या लेकराचा जीव याहून महत्त्वाचं काही नसतं, तिथे महत्त्व शून्य करता येणार नाही. म्हणजे हाताळण्यासारखी उरते ती संदिग्धता, आणि ती घालवायला विश्वासाचा माणूस लागतो. सरकारवर विश्वास नसेल तर सरकारचा प्रत्येक खुलासा संदिग्धतेत भरच घालतो.

सामूहिक उन्माद हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, तेही इथेच सांगायला हवं. एक प्रकार शरीरातून बोलतो. १९६२ च्या जानेवारीत तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, काशाशा गावच्या मिशनरी मुलींच्या शाळेत तीन मुलींना हसू आवरेना. बघता बघता १५९ पैकी ९५ मुलींना ते लागलं आणि मार्चमध्ये शाळा बंद ठेवावी लागली. हे ऐकायला मजेचं वाटतं, पण ते हसणं सुखाचं नव्हतं. हसणं, रडणं आणि अस्वस्थ धावाधाव असे झटके होते, मध्ये थांबून पुन्हा येणारे. देश नुकताच, डिसेंबर १९६१ मध्ये, स्वतंत्र झाला होता. मुली घरापासून लांब, कडक शिस्तीत, घरचं वळण एक आणि शाळेचं दुसरं. शिक्षकांपैकी कुणालाही ते हसू लागलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्यांना उलट बोलायची सोय नसते त्यांचं शरीर कधी कधी असं बोलतं. मुली नाटक करत नव्हत्या, आणि त्यांना कुठला जंतूही लागला नव्हता. अशा ठिकाणी गर्दी पांगवणं, मुलींना घरी पाठवणं आणि गाजावाजा न करणं यानेच बहुतेक वेळा ओसरतं.

दुसरा प्रकार हातातून बोलतो. त्यात दुखतं दुसऱ्याला. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

१८९६ ची मुंबई घ्या. त्या सप्टेंबरात मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पालिकेने फर्मान काढलं की प्लेगच्या रोग्याला घरातून काढून इस्पितळात नेता येईल, गरज पडल्यास जबरदस्तीने. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर विलगीकरण. गिरणगावच्या चाळीतून ते असं दिसत होतं: अनोळखी माणसं येतात, बापाला उचलून नेतात, जातीपातीचा, सोवळ्याओवळ्याचा विचार न करता कुणाच्याही शेजारी झोपवतात, आणि तो परत येत नाही. परत न येणं ही अफवा नव्हती. प्लेगवर औषध नव्हतं, आणि रोगी लपवून ठेवून अगदी शेवटच्या घटकेला पोचायचे. आर्थर रोडच्या इस्पितळात गेलेले बरेचसे मरतच होते.

आता या चिरेत काय रुजलं ते पाहा. लोक म्हणू लागले की इस्पितळात गोरे डॉक्टर माणसाला उलटं टांगून त्याची मोमिआई, म्हणजे शरीरातून गाळलेलं औषधी तेल, काढतात. आणि दुसरी अफवा तर थक्क करणारी. त्याच ऑक्टोबरात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. ते काम चापेकरांचं होतं हे पुढे कळलं. अफवा म्हणाली, राणी रागावली आहे, आणि अपमानाची भरपाई म्हणून तिने मुंबईच्या पाचशे माणसांची काळजं मागवली आहेत. त्यासाठीच हे इस्पितळ.

अफवा म्हणून ही फार नेटकी आहे. तिच्यात रोग आहे, डॉक्टर आहे, पुतळ्याची ताजी बातमी आहे, परकं सरकार आहे. शहरात त्या महिन्यात जे जे लोकांच्या मनात सुटं सुटं टोचत होतं ते सगळं तिने एका दोऱ्यात ओवलं. आणि एका अर्थाने तिचा गाभा खोटा नव्हता: तुमचं शरीर आता तुमचं राहिलेलं नाही, ते सरकारचं झालं आहे. काळजाचा तपशील खोटा, तक्रार खरी.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांनी मोडतोड केली, माणसांना मारहाण केली. तेच इस्पितळ आज कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं. पुढच्या काही महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं बाहेर पडली, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगावी गेला.

इंग्रजांच्या लेखी हा निव्वळ नेटिवांचा अडाणीपणा होता. ‘उन्माद’ हा शब्द सत्तेला नेहमीच सोयीचा पडतो, कारण एकदा तो चिकटवला की आपण काय केलं हे तपासावं लागत नाही. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या प्लेग समितीने घरझडतीसाठी गोरे सोजीर घरात घातले, देवघरापर्यंत आणि माजघरापर्यंत. तिथे अफवेची गरजही उरली नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत.

भीतीला चेहरा कसा मिळतो हे पाहायला २०१७ च्या वेणी कापण्याच्या प्रकारासारखं दुसरं उदाहरण नाही. उन्हाळ्यात राजस्थानातून सुरुवात झाली, मग हरयाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश. बाई बेशुद्ध पडते, उठते तेव्हा वेणी कापलेली. गावांमध्ये संशय चेटकिणीवर गेला, आणि ऑगस्टमध्ये आग्र्याजवळ साठी ओलांडलेल्या एका दलित बाईला जमावाने ठार मारलं. शरद ऋतूत तीच वेणी काश्मीरमध्ये पोचली. तिथे चेटकीण कुणाला आठवली नाही. तिथे संशय थेट सुरक्षा दलांवर आणि ‘एजन्सी’वर, म्हणजे गुप्तचर यंत्रणेवर गेला, पर्यटकांना आणि परगावच्या माणसांना मारहाण झाली. वेणी तीच, कात्री तीच. आरोपी मात्र जिथला तिथला. चिरा आधीच गेलेल्या होत्या, अफवा फक्त त्यांतून वाहत गेली.

याच्या उलट उदाहरणही आपल्या आठवणीत आहे. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला. व्हॉट्सॲप सोडा, घरटी लँडलाइनही नव्हती, तरी दुपारपर्यंत बातमी मुंबईपासून लंडनच्या देवळांपर्यंत गेली. देवळांपुढे रांगा लागल्या, दुधाचे भाव वाढले. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध पाजून दाखवलं की ते पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं. त्या दिवशी कुणालाही झोडपलं नाही. प्रसार जगाला चकित करणारा होता, पण त्यात भीती नव्हती आणि शत्रू नव्हता. म्हणून ‘सगळा दोष मोबाइलचा’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. वेगाने फक्त अंतर कापलं जातं.

मोबाइलचा दोष नाही असंही नाही. २०१८ मध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीचा जो व्हिडिओ फिरत होता, तो मूळचा कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या जनजागृतीचा. मोटारसायकलवरून दोघे येतात, खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि जातात. मग परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि सावध राहा असा फलक दाखवतात. फिरवणाऱ्याने शेवटचा भाग कापून टाकला होता. सोबत कुठल्या तरी युद्धात मेलेल्या, ओळीने झोपवलेल्या मुलांचे फोटो आणि खाली ‘किडन्या काढल्या’. आपल्याकडे पोरं पळवण्याची धास्ती काही नवी नव्हे. पुलाचा पाया टिकावा म्हणून मूल पुरतात, ही कुजबुज माझ्या आजीच्या पिढीलाही पाठ होती. फोनने एवढंच केलं की कुजबुजीला चित्र दिलं, आणि चित्र पाठवणारा होता आपला मेहुणा, आपला सरपंच, ग्रुपमधला ओळखीचा माणूस. परका माणूस सांगता तर आपण दहा प्रश्न विचारले असते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात आले. मूळचे बहुतेक मंगळवेढ्याकडचे, पिढ्यानपिढ्या भिक्षा मागत फिरणारे. त्यांच्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच जमावाने ठेचून मारलं. पाचही गेले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या पाच जणांना पोलिसांनी कसंबसं वाचवलं. तिथे पोलिसांची गाडी उलथवली गेली. राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप दिली.

बाजारात त्या दिवशी शेकडो माणसं होती आणि अनोळखी विक्रेतेही असणारच. मग हेच पाच का? कारण झोळी घेऊन फिरणाऱ्या, गावात घर नसलेल्या माणसाकडे संशयाने पाहायला आपल्याला फार आधीपासून शिकवलं गेलं आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण नजर राहिली, आणि ती यादीत नसलेल्या भटक्यांवरही पडत आली. त्याच २०१८ मध्ये तेलंगणात जे संदेश फिरत होते त्यांत टोळीचं नाव होतं ‘पारधी गँग’, महाराष्ट्रातून आलेली! पारधी कधी पाहिलाही नसेल अशा गावांत.

जमावातल्या एकेका माणसाच्या डोक्यात काय चालतं, हेही पाहायला हवं. तिथे उभ्या असलेल्या दहातल्या सहांना मनातून शंका असू शकते. पण प्रत्येक जण इतरांकडे बघतो. इतर ओरडत असतात किंवा गप्प असतात, आणि गप्प माणूस सामीलच वाटतो. शंका बोलून दाखवण्याची किंमत मोठी असते: ‘तू त्यांच्यातला का?’ त्रिपुरात जून २०१८ मध्ये, राईनपाड्याच्या दोन-तीन दिवस आधी, गावोगाव लाउडस्पीकरवरून ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ सांगायला सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने पोरं पळवणारा समजून मारून टाकलं. परगावचा माणूस, गाडी, भोंगा. साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्याच्या वाटेत जो येईल तो सापच.

आणि शिक्का. भीतीवर अधिकाऱ्याचा शिक्का बसला की ती दुप्पट होते. दिल्लीत बक्षीस लागलं आणि चित्र छापलं, तेव्हा माकड अस्तित्वात आहे हे सरकारनेच मान्य केल्यासारखं झालं. याचा सगळ्यात स्वच्छ नमुना अमेरिकेतल्या सेलमचा आहे. १६९२ मध्ये तिथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. सीमेवर लढाया, गावात जमिनीचे आणि चर्चचे तंटे, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर, भीती होतीच. पण फाशीपर्यंत गोष्ट गेली ती न्यायालयामुळे. ‘अमक्या बाईचं भूत मला रात्री छळतं’ ही साक्ष तिथे पुरावा म्हणून धरली गेली. अशा साक्षीचं खंडन करणार कसं? आपण त्या वेळी घरी झोपलो होतो हे सिद्ध केलं तरी भूत बाहेर होतंच. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर फिप्सने ते न्यायालय बरखास्त केलं. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने भुताची साक्ष बाजूला ठेवली, आणि पन्नासहून जास्त आरोपींतल्या फक्त तिघी दोषी ठरल्या. त्यांनाही फाशी झाली नाही. गाव तेच होतं, शेजारी तेच, देवभीरूपणाही तोच.

तर मग हे थांबतं कशाने? जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वेग कमी झाला, हे चांगलंच. पण संदिग्धता कमी व्हायला ओळखीचा माणूस लागतो, हे मुंबईतही दिसलं होतं. पुढे ज्याच्या त्याच्या समाजाची प्लेग इस्पितळं उभी राहू दिली, आपल्याच लोकांच्या देखरेखीखाली, घरचं कुणी भेटू शकेल अशी, तेव्हा लोक रोग्याला आणू लागले. हाफकिनची प्लेगवरची लस आली तेव्हा इस्माईली पंथाचे प्रमुख, तरुण आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतःला टोचून घेतलं, तेही पुन्हा पुन्हा.

आणि २०१८ मध्ये तेलंगणातल्या जोगुळांबा गदवाल भागात पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी गावागणिक एक पोलीस नेमून दिला होता, चारशेच्या वर गावांना. त्याचं काम गावात जायचं, घरोघरी बसायचं, सुखदुःख विचारायचं. ऐन उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपणारी माणसं दारं लावून आत झोपू लागली आहेत, हे अशाच एका पोलिसाच्या लक्षात आलं. विचारल्यावर त्यांनी फोन काढून संदेश दाखवले. मग पोलीस घरोघर फिरून ते खोटे असल्याचं सांगू लागले, दवंडी दिली, लोककलावंतांना घेऊन अफवांवर गाणी बांधली. पारधी गँगचे संदेश तिथेही तेच आले होते. त्या गावांमध्ये कुणाचा जीव गेला नाही. लोक फोन घेऊन गावच्या पोलिसाकडे येऊ लागले आणि विचारू लागले, साहेब, हे खरं आहे का?